बॅटरीला सुट्टी

३० सप्टेंबर, रविवार

भूकंपाला आज आठ वर्षं. सकाळी अण्णांना एस.टी.डी.वरून फोन केला. नव्या गावठाणात कार्यक्रम आहे, मंडप पडलाय, पुढारी येणार. म्हटलं, येऊ का? अण्णा म्हणाले, "तू नगं येऊ. दुकान उघड. रडायला आमी हावोत की हितं." बाप माझा हा असा. गुमान जाऊन माझ्या व्हिडिओ गेम पार्लरचं शटर वर केलं.

दिवसभर गर्दी. क्लासच्या दोन बॅचमध्ये वीस मिनिटं सुट्टी असते, तेवढ्यात पोरंपोरी भडाभडा आत. फिजिक्सची वही काखेत आणि दोन्ही हात जॉयस्टिकवर. ती वीस मिनिटं ही पोरं पोरांसारखी दिसतात. एरवी सगळ्यांचे चेहरे बारावीच्या निकालासारखे.

वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर जिन्यात उभे राहून घरमालक आप्पांना सांगत होते, "वर विद्यामंदिर आणि खाली हे. शोभतं का आप्पा?" मला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोलत होते. मी मशीनचा आवाज वाढवला. त्यांनाही ऐकू जावा म्हणून.

५ ऑक्टो.

आज उलगडा झाला. सरांना टेस्ट सिरीजसाठी माझी खोली पाहिजे.

आप्पांचा कारभार जुना. पाच दुकानं, एकाचाही कागद नाही. दिवाळीच्या पाडव्याला आप्पा प्रत्येक उंबऱ्यावर नारळ फोडतात. धंदा चालू दिसला की वर्षभर खोली त्याची. बंद दिसला तर नारळ तसाच पिशवीत घालून पुढं जातात. मागं टेलरचं दुकान असंच गेलं. बिचारा सासुरवाडीला गेला होता.

आप्पा म्हणाले, "सुमन, मी सरला हाव बी म्हणलो न्हाई आन न्हाई बी म्हणलो न्हाई. पाडव्याला बघू."

बघा की. माझं मशीन चालतंय.

मशीन म्हणजे एकच. खोकी तीन आहेत, पण दोन पोकळ. त्यांचे सर्किट बोर्ड कधीच मेले, त्यांचे पार्ट काढून काढून तिसरं जगवलं. तिसऱ्यात जपानी बोर्ड आहे, हिरव्या प्लॅस्टिकच्या डब्यातला. माझ्या उस्तादांनी, हमीदभाईंनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधून आणून दिला. नांदेडपासून इथं लातूरपर्यंत असा बोर्ड दुसरा नाही. असेल तर दाखवा, मी पार्लर बंद करते.

२५ ऑक्टो., गुरुवार, खंडेनवमी

आज हत्यारांना सुट्टी. अण्णा या दिवशी विहिरीवरचं इंजिन उघडायचे. एकेक भाग रॉकेलनं धुवायचे, पोत्यावर ओळीनं मांडायचे, मग हळदकुंकू. मी लहानपणी नटबोल्ट मोजायला असायची. तोच शिरस्ता मी इथं चालवते.

खोकं उघडलं. जॉयस्टिकचे स्विच पुसले, कनेक्टर खोडरबरानं घासला, पिक्चर ट्यूबवरची धूळ ब्रशनं काढली. बोर्डाचा डबाही उघडला. आत अंगठ्याएवढी लिथियमची बॅटरी, सोल्डर केलेली. गेल्या साली दुसऱ्या बोर्डवर बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाऊन गेली होती, ते आठवलं. म्हटलं, सगळ्यांना सुट्टी, मग हिलाच का नको? काढली अलगद. वातीच्या कापसावर ठेवली. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, बोर्ड, बॅटरी, सगळं ओळीनं मांडलं. झेंडूची फुलं. आप्पा डोकावले, "लई बेस मांडलंस गं."

मला पण बरं वाटलं. बाईमाणसाच्या या दुकानाएवढी टापटीप अख्ख्या ओळीत नाही.

२६ ऑक्टो., दसरा

बॅटरी परत जोडली. पॉवर दिली. पडदा हिरवा.

निस्ता हिरवा. ना अक्षर, ना चित्र, ना आवाज. बंद केलं, चालू केलं. हिरवा. कनेक्टर काढून घातला. हिरवा. सप्लायचे व्होल्ट मोजले, पाचाला पाच भरले. बॅटरी मोजली, तीही ठणठणीत. सोल्डरचे टाके भिंगाखाली बघितले, एक वाकडा नाही. काल चालत होतं, आज काय...

पोरं आपट्याची पानं घेऊन आली, "ताई, सोनं घ्या, एक टोकन द्या." म्हटलं, आज बंद. का? म्हटलं, व्होल्टेज जास्ती आलं, उडालं.

खोटं बोलले. का बोलले माहीत नाही.

२९ ऑक्टो., सोमवार, नांदेड

पहिल्या एस.टी.नं निघाले. बोर्ड मांडीवर, साडीच्या घडीत. लोह्याला एक बाई चढली, विचारते, "बाळ निजलंय का?" म्हटलं, हाव.

हमीदभाईंचं दुकान देगलूर नाक्याकडं. तीन पिढ्या रेडिओ, मग टीव्ही. भूकंपानंतर आमच्या पत्र्याच्या शेडांमध्ये ते पिशवी घेऊन आले आणि लोकांचे दबलेले रेडिओ फुकट दुरुस्त करत बसले. तिथंच मी सोल्डरिंग शिकले. एक दिवस त्यांनी टीव्ही आणि छोटा व्हिडिओ गेम आणला. त्याची तुटलेली वायर मी जोडली, माझा पहिला टाका. आमच्या शेजारची काशीआजी, चार माणसं गेलेली, ती तो गेम खेळली आणि हरल्यावर खो खो हसली. सगळी शेड वळून बघायला लागली. कुणी रागावलं नाही. त्या दिवशी ठरवलं होतं की हाच धंदा करायचा. हे मी कुणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, गेम म्हणजे टवाळकी.

ह.भाईंनी डबा उघडला, बॅटरीचे टाके बघितले. मान वर केली.

"ही बॅटरी कायको काढली?"

"खंडेनवमी होती."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग कपाळावर हात मारून घेतला. माझ्या नाही, स्वतःच्या. "मुंबईवाल्यानं मला सांगितलं होतं, बॅटरी कधी काढू नको. तुला सांगायचं राहून गेलं, बेटी. चूक माझी हाय."

मग समजावलं. या बोर्डवरच्या चिपांमध्ये गेम कुलूपबंद भाषेत लिहिलेला आहे. नक्कल करणाऱ्यांना वाचता येऊ नये म्हणून कंपनीची युक्ती. कुलपाची चाबी दुसऱ्या एका मेमरीत, आणि ती मेमरी त्या बॅटरीवर जगते. बॅटरी एक क्षण निघाली की चाबी पुसली. नवी बॅटरी लावून चाबी परत येत नाही. बोर्ड धडधाकट आहे, चिपा धडधाकट आहेत, पण त्याला स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही.

"मग आता?"

"आता ठेव देवघरात."

म्हटलं, देवघरात नाही ठेवायचा. चालवायचा.

३० ऑक्टो.

अण्णांना फोन. सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "पोळ्याला बैलाला सुट्टी देतो सुमे. उपाशी ठेवतो का?"

एवढंच बोलले आणि ठेवला फोन. बूथमध्येच रडले. बूथवाल्यानं काच वाजवली तर त्याच्यावर खेकसले.

१ नोव्हें.

आप्पांना खरं सांगितलं. व्होल्टेज-बिल्टेज काही नाही, मी माझ्या हातानं घालवलं. जिन्यात सर उभे होते, त्यांच्या देखतच सांगितलं. एकदाच सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

सर एकदम गोड. "होतं असं, ताई. आता त्यात जीव अडकवू नका. खोकी भंगारात न्यायला टेम्पो मी देतो. आणि तुम्ही आमच्याकडे या. मुलांची हजेरी, पालकांचे फोन. इज्जतीचं काम."

म्हटलं, "माझं काम इज्जतीचंच हाय, सर. बंद पडलंय, एवढंच."

आप्पा हसले. पण लगेच म्हणाले, "पाडवा सोळाला हाय, सुमन. बंद दुकानापुढं मी नारळ फोडत नस्तो. तुला बी ठावं हाय."

ठाऊक आहे. पंधरा दिवस.

२ नोव्हें.

सायबर कॅफे. शेजारी बारावीची पोरं इंजिनिअरिंग कॉलेजांच्या साईटी बघतात, मी डिक्शनरी घेऊन बसले. इंग्रजी माझं आयटीआयपुरतं. पण शोधलं. परदेशात माझ्यासारखे खुळे पुष्कळ आहेत. त्यांचेही बोर्ड असेच मेलेत, खंडेनवमी नसताना. बॅटरी चार-सहा वर्षांनी आपोआपच मरते म्हणे. म्हणजे कंपनीनं मरणाची तारीख घालूनच मशीन विकलं. हे वाचून मला जो राग आला! माझ्या चुकीनं चार दिवस आधी गेलं, नाहीतर तुम्ही मारणारच होता.

काही लोकांनी या गेमचं कुलूप फोडलंय. गेम साध्या भाषेत उतरवून ठेवलाय. तो चिपांमध्ये भरला की चाबी लागत नाही. बॅटरीही लागत नाही! एकाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. त्यानं फाईल कुठं मिळेल ते कळवलं आणि शेवटी लिहिलं, गुड लक टू लातूर. त्याला लातूर कुठं आहे ते कुठं माहीत असणार.

फाईल उतरवताना लाईन तीनदा तुटली. दोन फ्लॉप्या भरल्या.

४ नोव्हें., रविवार

नव्या चिपा मुंबईहून मागवायच्या तर दिवाळी उलटेल. म्हणजे याच चार चिपा पुसायच्या आणि त्यांवरच नवं लिहायचं. ह.भाईंनी नांदेडच्या पॉलिटेक्निकमधल्या लॅबच्या मॅडमना विचारून ठेवलंय. लिहायचं यंत्र त्यांच्याकडं आहे. पुसायचं यंत्रही आहे, पण त्याची निळी ट्यूब फुटलेली. मॅडमचा निरोप: ऊन द्या. आठ दिवस कडक ऊन.

या चिपांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, तिच्यावर स्टिकर. स्टिकर काढून उन्हात ठेवलं की आतलं लिखाण उन्हानं पुसतं. ट्यूबनं वीस मिनिटांत, सूर्यानं आठवड्यात.

स्टिकर काढायला घेतले आणि हात थांबला. आत्तापर्यंत निदान मूळचं लिखाण आत होतं, कुलपात का होईना. हे पुसलं की तेही गेलं. नवं नीट बसलं नाही तर हातात चार काळे दगड. ह.भाई फोनवर म्हणाले, "सोच ले, बेटी."

सोचून झालं. भूकंपात घर पुसून गेल्यावर आपण दुसरीकडं मांडलेलं आहेच. चारही स्टिकर ओढले. गच्चीवर, ताटात, पापडाच्या जाळीखाली.

७ नोव्हें.

दोन दिवस ढग. आयुष्यात पहिल्यांदा ढगांना शिव्या दिल्या. मराठवाड्यात राहून! आप्पा म्हणाले, "हळू बोल, कुनी ऐकलं तर मारतेल."

आज दुपारी कडक ऊन निघालं. मधल्या सुट्टीत पोरं गच्चीवर. "ताई, हे वाळवण कशाचं?" सांगितलं. काचेतून आतला चांदीसारखा तुकडा दाखवला. सूर्याच्या प्रकाशात अतिनील किरण असतात, ते आत अडकवलेला विद्युतभार सोडवतात, म्हणून लिखाण पुसतं. एका पोरीनं विचारलं, मग साध्या बल्बनं का पुसत नाही? चांगला प्रश्न. सांगत बसले. वीस मिनिटांची पस्तीस झाली.

सर हाका मारत वर आले. थांबले. ऐकलं थोडं. मग म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. चला खाली."

ती पोरगी जाता जाता माझ्या कानात, "ताई, लई भारी हाय हे." रात्रीपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

१२ नोव्हें., सोमवार, नांदेड

सुट्टी लागली तरी मॅडमनी लॅब उघडली. बिलोलीच्या आहेत, उद्या दुपारी दिवाळीला गावी निघणार. माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "तुमची ती खंडेनवमी मी स्टाफरूममध्ये सांगितली. सगळे हसले. मी नाही हसले, मागं मीसुद्धा एक यंत्र असंच धुऊन घालवलंय."

एकेक चिप यंत्रात बसवली. पहिली कोरी. दुसरी कोरी. तिसरी कोरी. चौथी नाही. कुठंतरी जुनं लिखाण चिकटून बसलंय. भिंगातून बघितलं तर खिडकीवर स्टिकरचा डिंक, पातळसा. मीच नीट पुसला नव्हता. स्वतःला चापट मारावीशी वाटली. एवढी टापटीपीची मी!

स्पिरिटनं काच लख्ख केली. ह.भाईंच्या गच्चीवर ठेवली आणि समोर बसून राहिले. भाभी छत्री घेऊन आल्या. म्हटलं, मला नको. चिपेवर सावली पडंल.

१३ नोव्हें.

सकाळीही ऊन दिलं. साडेबाराला लॅब. मॅडमची बॅग दारात, रिक्षा खाली उभी. चिप यंत्रात. कोरी!

चारही भरल्या. प्रत्येक परत वाचून फाईलशी ताडून बघितली, बरोबर. मॅडमनी निघताना हात हातात घेतला. "चाललं की कळवा. नाही चाललं तरी कळवा."

ह.भाईंनी दिवाळीची म्हणून नवी सोल्डरिंग गन दिली. मी म्हटलं, ईदला काय आणू? म्हणाले, "मशीनचा आवाज ऐकव फोनवर."

१५ नोव्हें.

काल लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत लातूरला पोचले. आज दुपारी दुकानात बसून चिपा सॉकेटात बसवल्या. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीचा धातूचा एक पाय वाकला. सरळ करायला गेले आणि

तुटला. चाळिसांमधला एक.

रडायला वेळ नव्हता. केसाएवढी तार पायाच्या खुंटाला सोल्डर करायची, दुसरं काही नाही. नवी गन लावली आणि लाईट गेली. दिवाळीत! वायरमन म्हणतो, ट्रान्सफॉर्मर उडालाय, उद्या बघू. खरंच व्होल्टेज आलं म्हणजे. मी खोटं बोलले होते त्याची ही परतफेड असावी.

सर खाली येऊन अंधारात बघून गेले. उद्या टेप घेऊन येतो म्हणाले, बाकं किती बसतील ते मोजायला. म्हटलं, या की.

१६ नोव्हें., शुक्रवार, पाडवा

आठला लाईट आली. साडेआठला तार टाकली. भिंगाखाली तीनदा बघितली. तारेनं पाय धरला आहे. किती दिवस धरेल सांगता येत नाही. चिप बसवली, डबा बंद केला. बॅटरी आत ठेवलीच नाही, टाके सोडवून काढली होती. ती कापसात गुंडाळून खोक्याच्या आत चिकटवली आणि वर खडूनं लिहिलं, हिची सुट्टी संपली नाही. हसू आलं. आता हा बोर्ड कुणाच्या बॅटरीवर जगणार नाही. चालला तर.

अजून पॉवर दिलेली नाही. दिली असती आणि एकटीनंच बघितलं असतं. पण नको. मी घालवलं ते सगळ्यांच्या देखत सांगितलं, आता जे होईल तेही सगळ्यांच्या देखत होऊ दे. हिरवा आला तर हिरवा. मी इथून हलणार नाही. आप्पांनी नारळ पिशवीत घातला तर समोरच्या फुटपाथवर खोकं मांडीन, पण या गावात पोरांना खो खो हसायला एक जागा राहील.

हे काउंटरवर बसून लिहितेय. पोरं दारात दाटलीत, दिवाळीला गावी न गेलेली सगळी. ती प्रश्नवाली पोरगी पुढं. आप्पा चौथ्या दुकानापर्यंत आलेत, नारळ फुटल्याचा आवाज आला. माझं पाचवं.

सर आले. हातात टेप. म्हटलं, "सर, टेप ठेवा बाजूला. स्टूल घ्या, बसा." बसले. मी गल्ल्यातून एक टोकन काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"पहिला गेम तुमचा."

त्यांनी टोकन उलटंपालटं करून बघितलं. खिशात नाही घातलं, परतही नाही दिलं. मुठीत धरून बसलेत.

आप्पा आले. वही मिटते. बटन मी दाबणार.